शब्दांच्या गावातून

गाण्याला शब्द हवेत, ते नीट ऐकू यायला हवेत आणि ऐकल्याबरोबर कळायला हवेत, असं माझं पक्कं मत होतं. हे मत मी कुठल्या पुस्तकातून उचललेलं नव्हतं. मी यवतमाळची. भाऊसाहेब पाटणकर याच गावात वकिली करत आणि मराठीत शायरी लिहीत. १९०८ ते १९९७ असं दीर्घ आयुष्य त्यांना मिळालं. वकील, शिकारी आणि शायर, तिन्ही एकाच माणसात. आमच्या घरी त्यांचं ‘दोस्तहो’ होतं आणि वडील ते न उघडताच त्यातले शेर म्हणत. शेर म्हणायचा कसा, हे मी वडिलांकडून शिकले. पहिली ओळ दोनदा म्हणायची, थांबायचं, समोरच्याला वाट पाहायला लावायची आणि मग दुसरी ओळ अशी टाकायची की शेवटच्या शब्दावर दाद आलीच पाहिजे. शेजारी अमरावतीला गझलकार सुरेश भट. पुढे गझलगायक भीमराव पांचाळे यांच्या मैफली ऐकल्या. त्यांच्या गळ्यातून शब्द येतो तेव्हा सूर बाजूला सरून त्याला वाट करून देतो, ऐकणाऱ्याचं एक अक्षरही सुटत नाही. गाणं म्हणजे माझ्या लेखी हे होतं.

पुढे मी पांढरकवड्याला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला लागले. कविता शिकवायची म्हणजे अर्थ उलगडायचा. जिल्ह्यातल्या छोट्या-मोठ्या गझल मैफलींचं सूत्रसंचालनही बरीच वर्षं केलं. तेव्हा शब्दांवरचा माझा जीव हा धंद्याचाही भाग होता, हे सांगितलं पाहिजे.

पण याहून जड असं एक कारण होतं. हा जिल्हा चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांचा आहे. १९ मार्च १९८६ रोजी या शेतकऱ्यानं पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपवलं. दरवर्षी त्या तारखेला राज्यात ठिकठिकाणी लोक एक दिवस अन्नत्याग करतात. त्यानंतर या मातीत काय काय झालं ते मी वेगळं सांगायला नको. २०१९च्या जानेवारीत यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक कोण, यावरून आधी मोठं वादळ झालं. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीनं. मी मांडवात होते. एवढ्या लेखकांसमोर एक बाई उभी राहते आणि आपल्या जगण्याबद्दल साध्या वाक्यांत बोलते, हे मी पाहिलं. त्या दिवशी माझं मत आणखी घट्ट झालं. आमच्याकडे जे घडतं ते स्पष्ट बोलायला हवं. धूसर, तरंगतं, कळलं-न कळलंसं काही करायला आम्हाला सवड नाही.

म्हणून माझ्या बहिणीच्या मुलानं बँड काढला आणि ‘आमच्या गाण्यात शब्द असतील, पण ते कळलेच पाहिजेत असं नाही’ असं मला सांगितलं, तेव्हा मी त्याच्याशी कडाडून भांडले. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. मैफलीतले जुने स्नेही विचारतात, ‘बाई, तुम्ही त्या पोरांच्या नादाला कशा लागल्या?’ त्यांना चहा पिता पिता सांगता येईल एवढं ते सोपं नाही, म्हणून लिहिते.

ही पोरं चार. दोघं अभियांत्रिकीची, एक कापडाच्या दुकानात बसणारा, एक शेती करून ढोलकी वाजवणारा. चौघांची ओळख यवतमाळच्या दुर्गोत्सवात झाली. आमचा दुर्गोत्सव ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून कळायचा नाही. नवरात्राचे नऊ दिवस गाव झोपत नाही आणि लांबलांबून माणसं मंडळांच्या मूर्ती बघायला येतात. तिथे ऑर्केस्ट्रात ही पोरं हिंदी गाणी वाजवायची. चार पैसे मिळायचे. त्यातून एक इलेक्ट्रिक गिटार आली, एक जुना ड्रमसेट आला, आणि मग नागपूरहून दोन लहान लोखंडी डब्या आल्या, ज्यांच्यावर पाय देऊन गिटारचा आवाज बदलायचा. एका डबीत डिले, दुसरीत रिव्हर्ब. बँडचं नाव इथे देत नाही. पहिलं रेकॉर्डिंग होईपर्यंत देऊ नकोस, असं त्यांनीच सांगितलं आहे.

त्या डब्यांचं काम भाच्यानं मला एका संध्याकाळी दाखवलं. डिले म्हणजे आत गेलेला आवाज थोडा वेळ धरून ठेवायचा आणि पुन्हा सोडायचा. किती वेळानं, किती वेळा, ते बटणानं ठरवायचं. रिव्हर्ब म्हणजे मोठ्या जागेत भिंतींवर आपटून परत येणाऱ्या असंख्य आवाजांचा जो गुंता कानात पडतो, तो यंत्रानं तयार करायचा. त्यानं एकच तार छेडली आणि हात काढून घेतला. तो सूर गेला, परत आला, स्वतःच्याच मागून पुन्हा आला, पसरला आणि पंख्याच्या आवाजात मिसळून गेला. ‘आता यावर दुसरी तार टाकतो,’ तो म्हणाला. पहिली अजून खोलीत होती. मला ते छान वाटलं, पण मी म्हटलं, ‘हे यंत्राचं कौतुक झालं. गाणं कुठे आहे?’

तो म्हणाला, ‘मावशी, तू आलाप आयकतं तवा अर्थ इचारतं का? तराण्यात काय शब्द असते?’ हा मुद्दा त्यानं मोठ्या हौसेनं काढला, पण मी काही हलले नाही. आलापाला रागाचं व्याकरण आहे, तराण्याला लयीचं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या रियाजानं ऐकणाऱ्याचा कान तयार झाला आहे. चार पोरांनी गिटारला डब्या जोडल्या म्हणून ती परंपरा त्यांना आपोआप मिळत नाही. हा मुद्दा मला आजही लंगडाच वाटतो. माझं मत बदललं ते दुसऱ्या वाटेनं.

भांडायचं तर आधी ऐकलं पाहिजे, म्हणून मी त्याच्याकडून यादी घेतली. या संगीताला ‘पोस्ट-रॉक’ म्हणतात. हा शब्द रूढ केला तो १९९४मध्ये, सायमन रेनॉल्ड्स या ब्रिटिश समीक्षकानं. रॉकची वाद्यं घ्यायची, पण त्यांच्याकडून रॉकचं काम करून घ्यायचं नाही. गिटारनं धून वाजवण्यापेक्षा रंग आणि पोत द्यायचा, असं साधारण त्याचं म्हणणं. आपल्याकडचं या वाटेवरचं ठळक नाव म्हणजे ‘ॲज वी कीप सर्चिंग’. अहमदाबाद आणि पुण्याशी जोडलेला हा बँड. उद्दीपन शर्मा त्याचा गायक-गिटारवादक. २०१५चा ‘ख्वाब’, २०१७चा ‘झिया’, २०१८चा ‘रूह’ आणि मग ‘स्लीप’, असे त्यांचे अल्बम मी क्रमानं ऐकले. एकापाठोपाठ ऐकले म्हणून त्यांच्यातलं वळण दिसलं. सुरुवातीला गिटारींची लाट उठते, फुटते, पुन्हा उठते. ‘स्लीप’पर्यंत येता येता तीच माणसं सावकाश, हळू, जवळ बसून वाजवल्यासारखी वाजवायला लागतात. शब्द हिंदी, आपल्याला कळतील असे. पण आवाज पुढे उभा राहत नाही, वाद्यांच्या मध्ये बसतो. माझ्या कानाला सवय उलटी. मी पहिल्यांदा ऐकताना सारखी पुढे वाकत होते, शब्द पकडायला. दुसऱ्या अल्बमला केव्हा तरी ते वाकणं थांबलं.

मग आला आइसलँडचा ‘सिगुर रोस’. या बँडबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्यातला खरा बदल इथे सुरू झाला.

१९९४च्या जानेवारीत रेक्याविक शहरात तीन तरुणांनी हा बँड काढला: गिटार आणि गाणं योन्सीचं, बास गेओर्ग होल्मचा आणि ड्रम आउगुस्तचे. पहिला अल्बम ‘वोन’ १९९७ला आला. स्टुडिओचे पैसे द्यायला नव्हते म्हणून या पोरांनी स्टुडिओला रंग मारून दिला, असं सांगतात. आणि त्या वर्षभरात अख्ख्या आइसलँडमध्ये त्याच्या ३१३ प्रती खपल्या. अल्बम काळोखा आहे, त्यात सूर शोधावा लागतो. १९९८ला क्यार्तान नावाचा चौथा माणूस आला, ज्यानं संगीताचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. तो पियानो-ऑर्गन घेऊन आला आणि बँडचा आवाजच बदलला. १९९९चा ‘आउगाइतिस बिर्युन’ ऐकला की कळतं, तेच धुकं आहे, पण आता त्याच्या आत घर आहे, घरात दिवा आहे. जगानं त्यांना ऐकलं ते इथून. त्यानंतर आउगुस्त गेला, दुसरा ड्रमर आला. २०१३ला क्यार्ताननं बँड सोडला आणि त्या वर्षीचा अल्बम एकदम खरखरीत, लोखंडी झाला. पुढे तो परतला आणि २०२३च्या ‘आउट्टा’मध्ये वाद्यवृंदाची तंतुवाद्यं आली, ड्रम जवळजवळ गायब झाले. बँडचा आवाज कसा घडतो याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. आवाज विचारानं ठरत नाही. कोण येतं, कोण जातं आणि कुठे बसून वाजवतात, यावर तो ठरत जातो.

योन्सी इलेक्ट्रिक गिटार चेलोच्या गजानं वाजवतो. आणि बऱ्याच ठिकाणी तो जे गातो ती कुठलीच भाषा नसते. २००२चा त्यांचा अल्बम तर सबंध अशा अर्थ नसलेल्या उच्चारांत आहे. त्या अल्बमला नाव नाही, मुखपृष्ठावर फक्त दोन कंस. आतल्या आठ गाण्यांना नावं नाहीत. सोबतच्या पुस्तिकेची पानं कोरी. ऐकणाऱ्यानं त्यावर आपले शब्द लिहावेत, अशी त्यांची इच्छा. मी शब्दांची बाई. माझ्यासमोर हे आलं तेव्हा मला ते आव्हान वाटलं, राग नाही आला. मी पेन घेऊन बसले. चौथं गाणं संपेपर्यंत काहीच लिहिलं गेलं नाही, आणि ऐकणं मात्र झालं होतं.

तरीही मी म्हणेन, तेवढ्यानं माझं मत बदललं नसतं. हेडफोन लावून एकटीनं ऐकलेल्या संगीताचा मला फार भरवसा वाटत नाही. मला हलवलं ते ‘हेइमा’ या चित्रपटानं. जगभर दौरे करून आल्यावर, २००६च्या उन्हाळ्यात, या बँडनं आपल्याच देशात गावोगाव फुकट कार्यक्रम केले, फारसा गाजावाजा न करता. कुठे गावाचं सभागृह, कुठे उघडं माळरान. आइसलँडची लोकसंख्या तेव्हा तीन लाखांच्या आसपास; एकट्या यवतमाळ जिल्ह्याची २०११च्या जनगणनेत पावणेअठ्ठावीस लाख. म्हणजे आमच्या एखाद्या-दोन तालुक्यांएवढा तो देश. श्रोत्यांत म्हाताऱ्या बाया, कडेवरची पोरं, कामावरून आलेली माणसं. एका ठिकाणी स्टाइनडोर अँडरसन हा मच्छीमार जुन्या पद्धतीच्या ओव्या गातो, ज्यांना तिकडे ‘रीमुर’ म्हणतात, आणि बँड त्याच्यासोबत वाजवतो. एका ठिकाणी पाउल नावाचा शिल्पकार दगडाच्या चिपांचं वाद्य वाजवतो. एका मोठ्या धरणाला विरोध करणाऱ्या लोकांच्या तळावर हा बँड जातो आणि तिथे वीज न वापरता, साध्या वाद्यांवर गातो.

या शेवटच्या गोष्टीपाशी मी चित्रपट थांबवला. माझ्या मनात एक घडी बसलेली होती: अस्पष्ट गाणारी माणसं भूमिका घेत नाहीत. ज्यांना बोलायचं असतं ती बोलतात, बाकीचे वातावरण करतात. इथे तर कुठलाही निषेधाचा शब्द न गाता माणसं धरणाच्या जागी जाऊन बसली होती. त्यांचं गाणं कशाच्या बाजूचं आहे हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. कुठे वाजवलं, कोणासमोर वाजवलं, कशाशिवाय वाजवलं, यानंही गाणं बोलतं.

आणि दुसरी जागा द्यूपाविकची. समुद्राकाठी १९३५च्या सुमारास बांधलेला हेरिंग माशांचा प्रचंड कारखाना. मासे आले तेव्हा भरभराट, मासे संपले तेव्हा कुलूप. १९५४ला तो बंद पडला. त्या ओसाड कारखान्यात बँड वाजवतो. योन्सी तिथल्या तेलाच्या रिकाम्या टाकीत उभा राहून गिटारवर गज ओढतो आणि ती टाकी बोलायला लागते.

मी ज्या जिल्ह्यात राहते तिथे हे दृश्य परकं नाही. आमचा कारखाना कापसाचा. किलिक निक्सन कंपनीनं यवतमाळ–मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ रेल्वेची अरुंद लाइन टाकली ती कापसासाठी. १९९४पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली, मग डिझेलवर, आणि आता बंद आहे. कापसातून सरकी काढणाऱ्या जुन्या जिनांचे पत्र्याचे शेड जिल्हाभर आहेत. जे चालू आहेत तेही दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत, बाकी दिवस रिकामे.

पोरांच्या बँडचा आवाज बदलला तो अशाच एका शेडमुळे. आधी ती भाच्याच्या घराच्या वरच्या खोलीत वाजवायची, भिंतीला अंड्यांचे ट्रे लावून. शेजाऱ्यांनी हात टेकले तेव्हा एका मित्राच्या वडिलांनी जिनचा शेड उघडून दिला. कापूस नसताना जागा पडूनच असते. पहिल्या दिवशी मीही गेले होते. कोपऱ्यात सरकीचा वास, पत्र्याला लोंबणारी जुन्या रुईची जाळी, मध्ये गाठी रचायची मोकळी जागा. पोरांनी नेहमीसारखं जोरात आणि जलद सुरू केलं आणि अर्ध्या मिनिटात थांबवलं. ड्रमचा प्रत्येक ठोका पत्र्यावर जाऊन परत येत होता आणि पुढच्या ठोक्यावर पडत होता. गिटारीचं काहीच कळत नव्हतं, नुसता गलका. ढोलकीवाल्यानं एकच ठोका मारला आणि हात वर करून उभा राहिला. आवाज पूर्ण विझेपर्यंत कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, ‘हे जागाच सांगून राह्यली, हळू वाजवा म्हणून.’

डेव्हिड बर्न या संगीतकारानं २०१२च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं आहे: संगीत जागेनुसार घडतं. दगडी चर्चमध्ये आवाज रेंगाळतो म्हणून तिथलं गाणं लांब सुरांचं आणि संथ. लहान बारमध्ये आवाज विरतो म्हणून तिथे जलद ठेका चालतो. पोरांनी ते पुस्तक वाचलेलं नाही. पण पुढच्या महिन्याभरात त्यांनी निम्म्या जागा मोकळ्या सोडल्या. रिव्हर्बची डबी तर बाजूलाच ठेवली, पत्र्याचा शेड तेच काम फुकट करत होता. ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश आला. गाणी नऊ-नऊ मिनिटांची झाली. मागे जे मला यंत्राचं कौतुक वाटलं होतं, त्याच्याखाली मुळात एका जागेची आठवण आहे, हे मला त्या शेडमध्ये कळलं. यंत्र जी जागा बनवू पाहतं ती आमच्याकडे खरोखरची होती, तिला मालक होता, तिच्यात मजूर होते, ती वर्षातून काही महिने मुकी पडत होती.

याच काळात भाच्यानं व्हायोलिनचा एक जुना गज मिळवला. त्याला राळ घासून तो गिटारवर ओढायला लागला. चरचर, किरकिर. मी कारण विचारलं तर त्यानं वाद्य माझ्या हातात दिलं. गिटारच्या तारा घोडीवर जवळजवळ सपाट बसलेल्या असतात, त्यामुळे मधल्या एकाच तारेला गज लागत नाही, शेजारच्याही ओढल्या जातात. व्हायोलिन-सारंगीसारखी कमान तिला नसते. म्हणून योन्सीच्या गिटारीतून एक तार ऐकू येत नाही, सगळा पुंजका एकदम उठतो. मी गज हातात धरून पाहिला आणि मला पांढरकवड्याचे दिवस आठवले.

आमच्या केळापूर, झरी, वणी या पट्ट्यात गोंड, परधान, कोलाम यांची वस्ती. परधान हे गोंडांचे कथेकरी. किंगरी नावाचं तीन तारांचं वाद्य गजानं वाजवत देवांच्या आणि कुळांच्या कथा गातात. तिकडे पलीकडे आदिलाबादच्या गोंडांवर मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात काम केलं, त्यातही या परधान गायकांबद्दल वाचायला मिळतं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी त्याचे आजोबा किंगरी वाजवत. मी वही घेऊन गेले, लोकसाहित्याचं संकलन करायला. गाणं गोंडीत, मला गोंडी येत नाही. मी प्रत्येक ओळीला थांबवून विद्यार्थ्याकडून अर्थ लिहून घेत होते. आजोबांनी दोन-तीनदा ऐकून घेतलं, मग गज खाली ठेवला आणि म्हणाले, ‘बाई, आधी आयका. इचारा मंग.’ मी वही मिटली. रात्री उशिरापर्यंत ते गात होते. गाता गाता थांबायचे आणि किंगरीच तेवढी चालू राहायची, एकाच सुरावर, लांबच लांब. दारात कोलाम पोडावरची, म्हणजे त्यांच्या वस्तीवरची, माणसं येऊन बसली होती. त्यातल्या किती जणांना गोंडी शब्द न्‌ शब्द कळत होता, मला सांगता येणार नाही. कोलामांची भाषा वेगळी. उठून मात्र कोणी गेलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी उरलेले अर्थ लिहून घेतले, लेख केला, तो छापूनही आला. त्यात कथा होती, देवांची नावं होती, तीन तारांचा उल्लेख होता. त्या रात्री किंगरी एकटी चालायची तेव्हा दारात बसलेल्या माणसांना काय होत होतं, त्याबद्दल एक वाक्य नव्हतं. तेव्हा माझ्याकडे त्याला शब्दच नव्हता, आणि शब्द नाही ते लिहायचं नसतं अशी माझी शिकवण. इतक्या वर्षांनी, पत्र्याच्या शेडमध्ये, राळेचा वास हाताला लागलेला असताना मला ती रात्र पुन्हा ऐकू आली. या पोरांचं संगीत मला परदेशातून आलेलं वाटत होतं. गज, एकच लांब सूर, अर्थापलीकडे बसून राहिलेली माणसं, हे सगळं मी माझ्याच जिल्ह्यात आधी ऐकलेलं होतं.

खंजिरी भजनाचंही तसंच. तुकडोजी महाराजांची परंपरा आमच्या गावोगाव आहे. मंडळ बसतं, पद सावकाश सुरू होतं, तेच ते धृपद फिरून फिरून येतं, खंजिरी चढते, टाळ्या चढतात आणि शेवटी असा कळस येतो की शब्द कोणी नीट उच्चारतही नाही, नुसता घोष असतो. पोस्ट-रॉकवर लिहिणारे लोक ज्याला चढण म्हणतात, हळू सुरू करून दहा मिनिटांत छप्पर उडवणं, ते आमच्या भजनी मंडळातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. भजनात शब्द महत्त्वाचे नसतात असं मी म्हणत नाही. पद आधी मन लावून ऐकलेलं असतं म्हणूनच शेवटी ते सोडता येतं.

आता मला काय वाटतं? पाटणकरांचा शेर माझ्यासाठी तिळभरही कमी झालेला नाही. वैशाली येडे यांच्या भाषणाची जागा कुठलीही गिटार घेणार नाही. पण मी जे म्हणत होते, की या जिल्ह्यात न कळणाऱ्या गाण्याला जागा नाही, ते मी आता म्हणत नाही. इथल्या माणसांच्या मनात जे साठलेलं आहे त्यातलं बरंचसं त्यांनी कोणालाच सांगितलेलं नाही. पंचनाम्यात ते येत नाही, भाषणात येत नाही, मुलाखत घ्यायला येणाऱ्यांना ते मिळत नाही. माझ्या गझलेलाही ते सापडलं नाही. गझलेला दुसऱ्या ओळीत निकाल द्यावा लागतो. ज्या दुःखाचा निकाल लागलेला नाही त्याला नऊ मिनिटं द्यायला कोणी तयार असेल, तर मी त्याच्या बाजूची आहे.

पोरांनी एकदा जिनमधल्या हमालांना आणि गाठी बांधणाऱ्या बायांना बोलावून वाजवून दाखवलं. सगळ्यांना आवडलं असं नाही. एक जण म्हणाला, नाचायचं कवा? दोघं मधेच उठून गेले. एक बाई शेवटपर्यंत बसली आणि जाताना म्हणाली, ‘मशिन बंद झाल्यावर कानात असंच वाजत राहते.’ तिच्या बोलण्यात कौतुक होतं की तक्रार, हे मी तिला विचारलं नाही.

आमचं भांडण मात्र संपलेलं नाही. त्यांचं एक गाणं आहे, कापसाच्या वेचणीवर रचलेलं. त्यात कोणी गात नाही, चौघं नुसतं वाजवतात. माझं म्हणणं, त्याच्या मधोमध एखाद्या वेचणाऱ्या बाईनं वऱ्हाडीत चार वाक्यं बोलावीत, साधी, किती किलो वेचलं आणि किती रुपये मिळाले एवढीच, आणि ती प्रत्येकाला लख्ख ऐकू यावीत. भाचा म्हणतो, ‘मावशी, तू बोलली का मंग गिटार मांगं जाते. लोक ते चार वाक्यं घेऊन घरी जातीन, बाकीचं आयकणारच नाही.’ ढोलकीवाला माझ्या बाजूनं आहे, कारण वेचणीला त्याची आई जाते आणि तिनं बोलावं असं त्याला वाटतं. बासवाला म्हणतो, बाईचा आवाज घ्या, पण शेडच्या दुसऱ्या टोकाला उभी करून, म्हणजे अर्धं कळेल, अर्धं पत्र्यात जाईल. मला ते मान्य नाही. पैशाचा आकडा तरी पत्र्यात जाता कामा नये. दिवाळीनंतर शेतातून कापूस यायला लागेल, जिन सुरू होईल आणि शेड आमच्या हातातून जाईल. रेकॉर्डिंग त्याआधी उरकायचं आहे. ढोलकीवाल्याच्या आईनं येत्या रविवारी येते म्हणून निरोप पाठवला आहे; ती काय बोलणार आणि कुठे उभी राहणार, ते तिलाच विचारायचं, एवढ्यावर सध्या आमचं एकमत झालं आहे.